मंगळवार-शुक्रवारची गाडी

त्या मंगळवारी आम्ही दोघं नेहमीसारखी तयार होऊन पडवीत बसलो होतो. यांच्या मांडीवर चादरीची घडी होती, कारण डायलिसिसच्या यंत्रावर पडलं की यांना थंडी वाजते. माझ्याजवळ पिशवी, तिच्यात कागदपत्रं आणि परतताना खायला दोन घावने. रात्रभर ओतून पाऊस जरा थांबला होता. हमीदाची गाडी डोळ्यांआधी कानांना कळायची. डिझेलचं इंजिन, त्याचा जाडसर आवाज माडांमधून यायचा आणि हे चपला पायात सरकवायचे. त्या दिवशी तो आवाज आलाच नाही. आली ती हमीदाची सून शबाना, चालत, ओढणी घट्ट धरून. पायरीशी उभी राहून तिने सांगितलं की अम्मी गेल्या. पहाटेची नमाज झाल्यावर चहा ठेवायला म्हणून उठल्या, ओट्याला टेकून खाली बसल्या, त्या परत उठल्या नाहीत... डॉक्टर येऊन बघून गेले होते. हे सगळं ती अगदी सावकाश बोलली, आणि बोलून झाल्यावर हातातली गाडीची किल्ली तिने माझ्यापुढे धरली.

हमीदा आमची शेजारीण. मालवणच्या कडेला आमची वाडी, आणि आमच्या दोघींच्या घरांत फक्त जांभ्या दगडांचा एक गडगा. लग्न होऊन मी इथे आले त्याच्या पुढच्याच वर्षी तीही आली, फोंडाघाटातून. तिचा नवरा आखाती देशांत बोटीवर होता, वर्षातून एकदा यायचा. तो वारला त्यालाही आता बराच काळ झाला. मुलगा इरफान कुवेतला, आणि घरात सासू-सून दोघीच. मी बाजारात शिवणक्लास चालवायचे आणि माझे यजमान पोस्टात होते. आमच्या दोघींच्या मैत्रीत सांगण्यासारखं नाट्य काही नाही. गडग्यावरून वाटी इकडे, वाटी तिकडे. माझ्या घरची सोलकढी तिला आवडायची आणि तिच्या घरच्या खापरोळ्या आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर संपायच्या. यांना ती भावजी म्हणायची आणि यांची थट्टा करण्याचा हक्क तिने पहिल्यापासूनच घेतला होता.

यांच्या किडन्या थकल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ओरोसच्या दवाखान्यात जायचं ठरलं, तेव्हा सुरुवातीला आम्ही एस.टी.ने गेलो. जाताना ठीक असायचं. येताना यांच्या अंगात त्राण नसायचं, कट्टा गावाच्या पुढे आलं की उलटी व्हायची, आणि लोक जागा द्यायचे तरी यांना त्या जागेचीच लाज वाटायची. मग भाड्याची गाडी सांगायला लागलो. पण आमच्याकडे डिसेंबर आला की प्रत्येक चाक पर्यटकांच्या मागे असतं. एका शुक्रवारी आम्ही असेच तयार होऊन बसलो आणि गाडीवाल्याचा फोन आला की त्याला तारकर्लीचं दिवसभराचं भाडं मिळालंय. हे म्हणाले, राहू दे, एका खेपेने काय होतं. रविवारपर्यंत यांचे पाय सुजून आले आणि श्वास लागायला लागला. त्या दोन दिवसांत हमीदा आमच्या घरातून हलली नाही. सोमवारी ती गडग्याशी उभी राहून म्हणाली, "सुलू, भाड्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचा मन. त्याच्यार भावजींचो जीव टांगून ठेवचो नाय."

मला वाटलं ती दुसरा गाडीवाला बघणार. तिने गाडीच घेतली. शिरोड्याच्या एका माणसाकडची, जुनी, डिझेलवरची, राखाडी रंगाची. हमीदाला गाडी चालवता येते हे वाडीत कित्येकांना माहीतच नव्हतं. तिच्या वडिलांचे ट्रक होते. घाटाच्या पायथ्याशी घर, समोर कोल्हापूरकडे चढणाऱ्या गाड्यांची रांग, आणि अंगणात कुठल्या ना कुठल्या ट्रकचं तोंड उघडलेलं. लग्नाआधी तिने वडिलांची जीप चालवली होती, परवानाही काढला होता आणि तो न चुकता नव्याने करून घेतला होता, कशासाठी ते तिलाच ठाऊक. शिरोड्याहून गाडी तिने स्वतः चालवत आणली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की सगळं नुकतंच करून घेतलंय, तेल बदललंय, इंजिनाचा पट्टाही नवा आहे, तुम्ही नुसती चालवा. कागद मात्र एकाचाही नव्हता. हमीदा हसून म्हणाली, "ह्येका तोंडी सर्व्हिसिंग म्हणतत."

दुसऱ्याच दिवशी तिने गाडी कुंभारमाठला आनंद मिस्त्रीकडे नेली. मीही बरोबर होते. तिचं म्हणणं सरळ होतं. जुन्या गाडीचं मागचं आपल्याला काहीच माहीत नाही, तेव्हा मागचं धरायचंच नाही. आजपासून मोजायचं. इंजिनाचं तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा, डिझेलचा, रेडिएटरमधलं पाणी, ब्रेकचं तेल, सगळं एकदम बदलून घ्यायचं, म्हणजे पुढचं काय कधी करायचं ते ठरवता येईल. इथवर आनंदही मान हलवत होता. पण ती पट्टा बदल म्हणाली तेव्हा तो थांबला. इंजिनाच्या आतला हा पट्टा तुटला तर इंजिनच बसतं, हे त्यालाही मान्य होतं, पण तो काढणं म्हणजे मोठं काम, आणि गाडी तर झकास चालतेय. हेही घरी म्हणाले होते की उगाच चांगली वस्तू काढून टाकू नका. हमीदाने कुणाशी वाद घातला नाही. स्टूल ओढून गॅरेजच्या दारात बसली आणि पट्टा निघेपर्यंत उठली नाही. निघाला तो पट्टा खरंच चांगला होता. आनंदने तो उलटासुलटा वाकवून बघितला, कुठे चीर नाही, दाते शाबूत.

"काकी, ह्यो अजून वरिसभर सहज गेलो असतो."

"गेलो असतो," हमीदा म्हणाली, "पण ह्या तुका आता कळला, हातात घेतल्यार. काल माका कोण सांगणार होतो?"

मला तेव्हा वाटलं होतं की ती थोडी तरी खट्टू होईल. झाली नाही. परत येताना ती उलट खुशीत होती, काहीतरी गुणगुणत होती. आता या गाडीतलं मला न ठाऊक असं काही उरलं नाही, म्हणाली. विकणाऱ्याने तेवढं एक खरं सांगितलं होतं म्हणून त्याला दुवाही दिली.

मग पुढचं ठरवायचं होतं. गाडीबरोबरच्या पुस्तकात वर्षातून एकदा तेल बदला असं लिहिलेलं. हमीदाने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. ज्याने हे लिहिलं त्याने मालवण बघितलेलं नाही, म्हणाली. इथे खारा वारा, उन्हाळ्यात तांबडी धूळ, पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि आठवड्यातले दोन दिवस सोडले तर गाडी नुसती बाजारापर्यंत जाणार, इंजिन धड तापायच्या आत बंद होणार. अशा गाडीला वर्ष म्हणजे फार. तिने वर्षाचे दोन भाग केले. पण ते ध्यानात कसे ठेवायचे? ती लिहून ठेवणाऱ्यातली नव्हती. लिहिलेलं खणात जातं आणि खण उघडायचा राहतो, असं तिचं मत. तिने सगळं सणांना बांधून टाकलं. "आमची ईद वरसाक सरकता," ती मला म्हणाली, "तुमचो गणपती फारसो हलणा नाय. म्हणान तेल गणपतीआधी, नि मगे शिमग्यानंतर." त्याच हिशेबाने वायपर आणि ब्रेक पाऊस येण्याआधी, हवेचा फिल्टर आंब्याच्या हंगामातली धूळ संपल्यावर, चाकांची अदलाबदल नारळीपौर्णिमेला. दर्याकडच्या रस्त्याने जाऊन आलं की गाडीच्या पोटाखाली गोड्या पाण्याचा पाइप धरायचा, हे तर रोजचंच. माझ्या डोक्यात हे शिरावं म्हणून ती माझ्याच धंद्यातला दाखला द्यायची. शिवणयंत्र अडकल्यावर तेल घालतेस की आधी? मी आधीच घालायचे. मग झालं तर.

असं असूनही गाडी एकदा बंद पडली, आणि ते मला सांगायलाच हवं, कारण हमीदाचं म्हणून जे काही होतं ते मला त्या दिवशी नीट दिसलं. भर पावसाचा शुक्रवार होता. कसालच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. यांचा चेहरा उतरला. हमीदाने आधी गाडीकडे बघितलंच नाही. रस्त्यात उभी राहून तिने मागून येणारा दुधाचा टेम्पो थांबवला, यांना आणि मला पुढे बसवलं, चादर यांच्या गुडघ्यांवर नीट पसरली आणि चालकाला सांगितलं की यांना दारापर्यंत सोड, वाटेत कुणाला घेऊ नको. आम्ही वेळेत पोचलो. हे यंत्रावरून उठायच्या आत गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती आणि हमीदा नखशिखांत भिजून शेजारी. डिझेलमध्ये पाणी उतरतं, ते फिल्टरच्या तळाशी साचतं, आणि तळाचा स्क्रू सैल करून ते मधूनमधून काढून टाकावं लागतं. रस्त्यातच छत्री मानेत धरून तिने ते काढलं होतं, हाताने पंप मारून डिझेल वर आणलं होतं. मी म्हटलं, एवढं करूनही शेवटी गाडीने दगा दिलाच. तिला ते आवडलं नाही. "गाडयेन फसवूक नाय. पाणी काढूचा मीच लांबवलंय," ती म्हणाली. त्या पावसाळ्यापासून ते पाणी महिन्याऐवजी पंधरवड्याने निघायला लागलं. त्यावर पुन्हा चर्चा नाही, हळहळ नाही. केसांचं पाणी पिळून ती यांना विचारत होती, भावजी, टेम्पोत दुधाचो वास येत होतो मां? आणि हे हसत होते...

त्याच दिवशी येताना तिने दुसरी गोष्ट काढली. धामापूरच्या तळ्यापाशी यांना जरा बरं वाटावं म्हणून आम्ही थांबलो होतो. हे काठावर बसले होते, देवळातली घंटा मधूनच ऐकू येत होती. हमीदा मला म्हणाली, "गाडयेक पाचवा चाक आसा, नि डायवर मात्र एकच? तू माझी स्टेपनी हो, सुलू." मी साफ नकार दिला. या वयात? मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण हमीदा एकदा बोलली की ती गोष्ट तिच्या डोक्यातल्या दिनदर्शिकेत जाऊन बसायची. तिने मला शिकाऊ परवाना काढायला लावला, धामापूरच्या रस्त्यावर, मग चौक्यापर्यंत, मग कट्ट्यापर्यंत माझ्या शेजारी बसून मला चालवायला लावलं. घाबरले की ती रागवायची नाही. डावा हात मांडीवर ठेवून गप्प बसायची, आणि मी आपोआप सावरायचे. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. त्यानंतरही दर महिन्याला एकदा तरी ती मला चाकावर बसवायचीच. पण कसालचा मोठा रस्ता मी कधीच ओलांडला नव्हता. तिथे पोचायच्या आधी मी कडेला घ्यायचे आणि आम्ही जागा बदलायचो. तेवढं तू, मी म्हणायचे. तीही बरं म्हणायची.

त्या मंगळवारी शबानाने किल्ली पुढे केली तेव्हा मी ती घेतलीच नाही. आधी हमीदाकडे धावले. बायका जमायला लागल्या होत्या. तिला आतल्या खोलीत निजवलं होतं, चेहरा शांत, जरासा कामात असल्यासारखा. तिचा भाऊ फोंडाघाटाहून निघाला होता. इरफानला विमान मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, दुपारच्या नमाजनंतर दफन ठरलं होतं. मी तिच्या उशाशी बसले. मागून हे काठी टेकत आले आणि दारातच उभे राहिले. मला म्हणाले, "आज नको गो. हमीदाक माती देऊच्या आधी मी थंय जावन मशीनीर पडू?" मलाही तेच वाटत होतं. चाळीस वर्षांचा शेजार, आणि तिला घरातून नेताना मी इथे असायला नको? एक दिवस इकडे-तिकडे झाला तर तिला तरी कुठे कळणार होतं... पण मागे त्या शुक्रवारी एक खेप बुडाली तेव्हा काय झालं होतं, तेही आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि आधीच्या आठवड्यात यांचे रिपोर्ट चांगले आले नव्हते. शबाना माझ्याजवळ येऊन बसली. ती खेडची, तिचं बोलणं आमच्यासारखं मालवणी वळणाचं नाही. हळूच म्हणाली, "काकी, काकांचा दिवस चुकला तर अम्मी तुमच्यावर रागावतील. माझ्यावरसुद्धा." रागावतील, असं म्हणाली. रागावल्या असत्या, असं नाही.

मी हमीदाच्या कपाळाला हात लावला आणि उठले.

डिझेलच्या गाडीत किल्ली फिरवली की लगेच सुरू करायची नसते. समोर एक छोटा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. मी थांबले. यांना मागे झोपवलं होतं, ते डोळे मिटून होते. चौके आलं, गेलं. कट्टा गेला. कसालला मी कडेला घेतलं नाही. कडेला घेऊन जागा कुणाशी बदलणार? समोरून येणारे ट्रक जाऊ दिले, डावा हात मांडीवर ठेवला, उचलला, गिअर टाकला आणि महामार्गावर गाडी घातली. ओरोसच्या आवारात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि यांना उतरवायला मागचं दार उघडलं.

यांना यंत्राला लावलं आणि मी बाहेर आले. एरवी तो वेळ आम्हा दोघींचा असायचा. डबा, गप्पा, आणि त्याआधी गाडीचं बॉनेट. दुपार झाली, पाऊस भुरभुरत होता. मालवणला आता नमाज झाली असेल, तिला उचललं असेल, असं मनात आलं आणि नुसतं बसवेना. प्रार्थना कुठली करावी तेही कळेना. मी बॉनेट उघडलं. तेलाची दांडी काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढून उजेडात धरली. दोन खुणांच्या मधोमध तेल होतं. पाण्याची टाकी बघितली, चाकं हाताने दाबून बघितली. हातांना काळं लागलं आणि मग मला रडू आलं. चांगलं मोकळं आलं. शेजारच्या गाडीचा चालक विचारायला आला की ताई, बिघाड झालाय का. मी म्हटलं, नाही, गाडी एकदम चांगली आहे.

परतताना यांनी मला कब्रस्तानाशी थांबायला सांगितलं. डायलिसिस झाल्यावर यांना दोन पावलं टाकवत नाहीत, पण त्या दिवशी हे अजून तिथेच थांबलेल्या हमीदाच्या भावाच्या खांद्याला धरून आत गेले आणि तिला मूठभर माती देऊन आले. मी फाटकाशी उभी होते. यांच्या बोटांना लागलेली ओली माती घरी येईपर्यंत यांनी पुसली नाही.

इरफान तिसऱ्या दिवशी आला. गाडीचं काय करायचं हा विषय त्यानेच काढला. गाडी तुम्हीच ठेवा, काकी, म्हणाला. मी नको म्हटलं. गाडी शबानाच्या नावावर कर, आणि तिला शिकू दे. तो बायकोकडे बघत राहिला, कारण शबाना तशी बुजरी, आणि सासूच्या सावलीत वाढलेली. पण तीच म्हणाली, शिकते. परवा तिच्या सासूचा चाळिसावा झाला. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघी गाडी घेऊन आनंदकडे गेलो होतो. चतुर्थी जवळ आली होती. आनंद तेल बघून म्हणाला की फार काळं नाही, यंदा गाडी कमी फिरलीय, दिवाळीपर्यंत चालून जाईल. मी त्याला बदलायला सांगितलं. पट्ट्याचा विषयही मीच काढला. तो घातला त्याला चार वर्षं झाली, पुढच्या चतुर्थीआधी नवा घालायचा, आतापासूनच मागवून ठेव. तो बरं म्हणाला. आम्ही दोघी स्टुलांवर बसून काम होईपर्यंत थांबलो.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही. हमीदा बुटकी होती, मी उंच. शिकवताना तिची अट असायची की मी चालवून झालं की सीट परत पुढे ओढून आरशासकट तिच्या मापाला लावून ठेवायची, म्हणजे घाईच्या वेळी तिला शोधाशोध नको. त्या मंगळवारी ओरोसहून आले, तिच्या दारात गाडी लावली, यांना उतरवलं, आणि सवयीने सीटखालचा दांडा उचलून मी सीट पुढे ओढली. पुढे आल्यावर मला कळलं की मी काय केलं. मागे ढकलावी असं मनात आलं, पण ढकलली नाही. त्यानंतर प्रत्येक खेपेनंतर सीट आणि आरसा तसेच तिच्या मापाला लावत राहिले.

काल शबानाचा शिकाऊ परवाना आला. संध्याकाळी पाऊस उघडला तशी मी तिला म्हटलं, चल, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. मी डावीकडे बसले. तिने दार उघडलं, ओढणी कमरेला खोचली आणि चाकामागे बसली. सीट न हलवताच दोन्ही पाय सरळ पेडलांवर टेकले. आरसा वर करायला हात नेला, पण आरशात मागचा रस्ता दिसतच होता, म्हणून तिने हात परत खाली घेतला. मग किल्ली फिरवली आणि पिवळा दिवा विझायची वाट बघत बसली.

मी डावा हात मांडीवर ठेवला.